करंटला उलट्या बोटानं विचारायचं

अंबादासमामांचा एक व्हिडिओ अजून फिरतो आहे. अर्ध्या मिनिटाचाही नाही. पांढरा सदरा, पोटरीपर्यंत दुमडलेली पँट, ओल्या शहाबादी फरशीवर उघडे पाय आणि उजव्या मुठीत सोललेली वायर. मामा हसताना दिसतात. खाली लोक जोडलेल्या हातांची आणि आगीची चित्रं टाकतात. मधूनच कुणी विचारतं, ‘हे काका अजून आहेत का?’

नाहीत. व्हिडिओ काढला तो गुरुवार होता. मामा रविवारी गेले. पेपरात चार ओळी आल्या, त्यांत त्यांचं आडनाव चुकलं होतं.

व्हिडिओत मी दिसत नाही. मी डाव्या बाजूला स्विचबोर्डापाशी उभी होते. कॅमेऱ्याच्या बाहेर राहण्याची मला शाळेपासून सवय आहे. पण लोक ज्याला त्या अर्ध्या मिनिटावरून ओळखतात त्या माणसाला मी जवळजवळ वर्षभर संध्याकाळी पाहत होते, आणि तो वायर धरणारा माणूस नव्हता. तो वायर गुंडाळणारा माणूस होता.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती तार मागायला. माझी नोकरी घरून होती. दिवसभर एका परदेशी कंपनीच्या वेबसाइटमधल्या चुका शोधायच्या आणि इंग्रजीत लिहून कळवायच्या. संध्याकाळी हातांना काहीतरी हवं असायचं. मला गिटार वाजवता येत नव्हती, तरी इलेक्ट्रिक गिटार स्वतः बनवायची असं मी ठरवलं. वाजवायला कुणीतरी समोर लागतं, बनवायला लागत नाही. मान, म्हणजे पडदे बसवलेली लांब पट्टी, मी तयार मागवली. धडासाठी बाबांनी त्यांच्या ऑफिसातल्या मोडक्या टेबलाची सागवानी फळी आणून दिली. कॉलनीतल्या सुताराने ती माझ्या कागदी नमुन्यावरून कापली आणि कापता कापता “पण ह्याचं होणार काय?” असं तीनदा विचारलं. राहिला पिकअप. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं. तारांच्या खाली चुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की त्या वेढ्यांत वीज हलते, आणि तीच पुढे जाऊन आवाज होते. पिकअप तयार मिळतो. मला तो गुंडाळायचा होता.

मामांचं दुकान कन्ना चौकाच्या पुढच्या एका बोळात, दोन टॉवेल कारखान्यांच्या मधोमध होतं. शटरवर ‘मोटार रिवायंडिंग’ एवढंच रंगवलेलं, मालकाचं नाव नाही. आत शिरलं की आधी वॉर्निशचा वास, मग जळक्याचा. भिंतीवर तांब्याच्या तारेची लाल वेटोळी, जमिनीवर पोट उघडून ठेवलेल्या मोटारी, कोपऱ्यात वॉर्निश वाळवायचं पत्र्याचं पिंप आणि त्यात दिवसभर जळणारे दोन मोठे दिवे. मामांच्या टेबलासमोर एक लाकडी फळी असायची. तिच्यावर उभं राहिल्याशिवाय ते कशाला हात लावत नसत. मागच्या दाराने त्यांचं घर. त्या दारात त्यांची बायको राजव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. दोन्हीकडचे माग चालू असले की भिंती थरथरायच्या.

अशा बोळात राहून माणसं ओठ वाचायला शिकतात. मला ते माहीत नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, “बेचाळीस नंबरची तार मिळेल का?” त्या आवाजाला दुकानदार एरवी ‘काय? काय?’ करतात आणि मी ‘काही नाही’ म्हणून परत येते. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना एकदाच सांगावं लागलं.

“कुटल्या मोटारीला?”

“मोटार नाही. गिटार आहे.”

त्यांनी मागच्या दाराकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हटलं. राजव्वा हसली. तिच्या हातातली विडी थांबली नाही.

“बस. गिटारीत कॉईल कशाला, ते सांग आधी.”

मी फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी ते चष्मा वर करून पाहिलं, मग खाली करून पाहिलं.

“हा शिकवणारा कुटला?”

“अमेरिकेतला.”

“मग त्याचा बेचाळीस म्हंजे आपला शेहेचाळीस. नंबर सारखा आला म्हणून तार सारखी नसती, बिड्डा.”

बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू. पन्नाशीच्या कारखानदारालाही ते बिड्डाच म्हणायचे.

शेहेचाळीस नंबरची तार त्यांच्याकडे होती. कधीकाळी कसल्याशा कॉईलसाठी आणलेलं एक रीळ, पत्र्याच्या डब्यात कापसात ठेवलेलं. ते त्यांनी काढलं, पण घरी नेऊ दिलं नाही. “हितंच गुंडाळायचं. मी गुंडाळून देनार न्हाय. तू गुंडाळ. मी बोट ठेवतो.”

बोट ठेवणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी समजलं. त्यांचं गुंडाळायचं एक हातमशीन होतं, दांडा आणि वेढे मोजणारे आकडे असलेलं. मी दांडा फिरवायचे. रिळावरून येणारी तार मामांच्या अंगठ्यामधून आणि तर्जनीमधून सरकत कॉईलवर जायची. तार ढिली पडली तर वेढे सैल बसतात आणि गिटार शिट्टी मारते. ओढ जास्त झाली तर तार तुटते, आणि तुटली की पहिल्यापासून. ती इतकी बारीक होती की उजेड पाठीमागे असला तर दिसतच नसे. मामा तिच्याकडे बघतही नसत. डोळे मिटून, मान जरा वाकडी करून, कुणाची नाडी बघावी तसे उभे राहायचे. “हळू.” “आता चल.” “थांब, मुरड येलालीय.” मी थांबायचे, आणि खरंच रिळाजवळ तारेला एक बारीक मुरड दिसायची. आठ हजार वेढे आम्ही तीन संध्याकाळींत घातले. तार एकदाही तुटली नाही.

मोटार आली की मामा आधी तिचा वास घ्यायचे. एकदा एक कारखानदार तणतणत आला. महिन्यात दुसऱ्यांदा मोटार जळाली, मामांचं काम कच्चं, असं त्याचं म्हणणं. मामांनी मोटार उघडली आणि नाक जवळ नेलं.

“तीनातला एक फेज गेला हुता तुज्या कारखान्यात. ह्या दोन बाजू काळ्या, ही कोरी. तासभर कण्हत असंल बिचारी. तुजा मानूस काय करत हुता? विडी वढत हुता?”

“माझा मानूस विडी वढत न्हाय, मामा.”

“मग तू वढत हुतास.”

कारखानदाराला हसू आलं. त्याच्या वरच्या खिशातून विड्यांचं बंडल डोकावत होतं.

मामा टेस्टर वापरत नसत. टेस्टर म्हणजे पारदर्शक मुठीचा तो छोटा स्क्रूड्रायव्हर, वायरीत वीज असली की ज्यातला दिवा लागतो. “टेस्टरचा दिवा गेला तरी त्यो म्हणनार, करंट न्हाय. खोटं बोलतंय ते.” त्याऐवजी ते उजव्या हाताची मूठ मिटायचे आणि तर्जनीची पाठ वायरीला हलकेच टेकवायचे. झटका बसायचा, हात आपोआप मागे यायचा.

“बोटाच्या पोटानं विचारलं तर काय होतंय? मूठ मिटती. मग वायर सुटत न्हाय, मानूस सुटतंय. करंटला कायम उलट्या बोटानं विचारायचं.”

“दुखत नाही का?”

“दुखलंच पायजे की. दुखलं म्हंजे बोट चालू हाय.”

मामांना साखरेचा आजार होता. “साखर बंद केली की मी,” असं म्हणून ते गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गूळ डॉक्टरने सांगितला नव्हता आणि बंदही सांगितला नव्हता, असा त्यांचा हिशेब. राजव्वा डबा लपवायची. मामा तो वासावरून शोधायचे.

दिवाळीनंतर मी दुसरा पिकअप गुंडाळायला घेतला. तेच रीळ, तेच मशीन, मामांची तीच दोन बोटं. नऊशे वेढ्यांवर तार तुटली. मग दोनशेवर. मग सहाशेवर. मामा दर वेळी तारेचं टोक उजेडात धरून बघायचे, बोटं सदऱ्याला पुसायचे आणि म्हणायचे, “परत.” सहाव्यांदा तुटली तेव्हा ते चहाला गेले. मी एकटी होते. मी तार माझ्याच डाव्या हाताच्या बोटांत घेतली आणि उजव्याने दांडा फिरवला. दोन हजार वेढे गेले. मामा परत आले आणि आकड्याकडे बघत राहिले.

“वरची तार जुनी झाली असेल,” मी म्हटलं. “आता आतली चांगली लागली.”

“व्हय,” ते म्हणाले. “तार जुनी.”

त्यानंतर त्यांनी माझ्या तारेवर बोट ठेवलं नाही. स्टुलावर बसून “हळू” म्हणायचे. ते “हळू” आता भलत्याच वेळी यायचं.

मी बघत होते. बघण्याशिवाय मला दुसरं काही फारसं येत नाही. टपरीवरून चहाचा पेला ते काठाला न धरता पोटाला धरून आणायचे, आणि मला तो रुमालात घ्यावा लागायचा. एकदा ते आले तेव्हा डाव्या पायात चप्पलच नव्हती. राजव्वा सूप बाजूला ठेवून उठली, बोळात गेली, चप्पल आणून त्यांच्या पायाशी ठेवली. ते तिच्याकडे आणि चपलेकडे बघत राहिले. ती त्यांच्या पायातून कुठे निसटली, हे त्यांना सांगता आलं नाही.

जानेवारीत मी पिकअपच्या वायरींना सोल्डरने डाग देत होते. मामा शेजारी बसून सांगत होते, कुठे किती. मला वास आला. तो वॉर्निशचा नव्हता, केस जळाल्यासारखा होता. मामांनीही नाक उचललं.

“काय जळलालंय?” ते म्हणाले.

त्यांची करंगळी सोल्डरच्या तापलेल्या सळईला टेकलेली होती. “मामा!” मी ओरडले. त्यांनी खाली पाहिलं, हात उचलला, आणि टेबलावर कुणीतरी विसरून गेलेली वस्तू बघावी तसं त्या बोटाकडे पाहिलं. मग ते पाण्याच्या भांड्यात बुडवलं आणि म्हणाले, “दुसऱ्या वायरीला टाक लवकर, टोक थंड होईल.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चुका लिहून कळवणं हेच माझं काम होतं. मी दुसऱ्या वायरीला डाग टाकला.

बोळात मात्र लोकांनी वेगळाच अर्थ लावला होता. मामांचा हात आता वायरीवरून झटकन मागे येत नाही, हे त्यांनीही पाहिलं होतं. शेजारच्या कारखान्यातला श्रीनिवास त्यात पुढे. तिशीचा, माग दुरुस्त करणारा जॉबर, मोठ्या आवाजाचा आणि मनाने चांगला. मामांवर त्याचा फार जीव. “चाळीस वर्षं करंटात काढली मामांनी,” तो कामगारांना सांगायचा. “आता करंटच घरचा झालाय बे. मालकाला कुत्रं चावतंय का?”

मामा ऐकायचे. नाही म्हणायचे नाहीत.

मार्चमध्ये गिटार पुरी झाली. मी एक जुना छोटा अँप्लिफायर मिळवला, पत्र्याच्या पेटीचा, तीन पिनांचा. गिटारच्या तारा आतून त्याच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि पत्रा जमिनीला, म्हणजे अर्थिंगला. त्यामुळे गुरगुर होत नाही. मामांच्या दुकानात अर्थिंगच नव्हतं. खूप वर्षांपूर्वी त्यांनी सॉकेटच्या आत न्यूट्रलमधून, म्हणजे एरवी मेलेली असते त्या वायरीतून, एक तुकडा काढून अर्थिंगच्या जागी जोडून दिला होता. बोळात सगळ्यांकडे तसंच होतं, आणि सगळं चालत होतं. त्या दिवशी सकाळी खांबावर काम झालं आणि परत जोडताना मामांच्या दुकानाच्या दोन वायरींची अदलाबदल झाली. पंखा तसाच फिरत होता, दिवे तसेच लागले होते. दिसत काहीच नव्हतं. फक्त जी वायर मेलेली असायची ती आता जिवंत होती, आणि त्या तुकड्यातून ती थेट माझ्या गिटारच्या तारांपर्यंत आली होती.

मी गिटार टेबलावर आडवी ठेवून प्लग लावला. श्रीनिवास दारात उभा होता. “वाजवा की ताई, ऐकू द्या आम्हालाबी.”

“थांब,” मामा म्हणाले. “आधी मी बघतो.” ते फळीवर चढले, मूठ मिटली आणि तर्जनीची पाठ तारांवर ठेवली. ठेवूनच राहिले. “काय न्हाय. धर बिनघोर.”

मी हात पुढे केला आणि थांबले. गिटारसाठी घेतलेल्या हत्यारांत एक टेस्टर होता. मी तो उचलला. माझा त्या बोटावर विश्वास राहिला नव्हता आणि ते तोंडाने म्हणायचं धाडसही नव्हतं. मी टेस्टरचं टोक सगळ्यात जाड तारेला लावलं.

दिवा लागला. मामांचं बोट अजून तारांवरच होतं.

आम्ही दोघांनी त्या दिव्याकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथं जे होतं ते वाचलं.

“आयला!” श्रीनिवास आत धावला. “मामा! दिवा लागलाय की! अन् तुमी हात ठेवून उभे! काढू नका, मामा, तसंच ऱ्हावा!” त्याने फोन काढला. “लोकांला पटत न्हाय मी सांगतो ते. बघा म्हणावं आता.”

फोन वर होईपर्यंत बोट काढायला वेळ होता. मामांनी ते काढलं नाही. कॅमेऱ्याकडे बघून ते हसले.

श्रीनिवास गेल्यावर त्यांनी प्लग ओढला आणि स्टुलावर बसले.

“कवापासनं ठाऊक हाय तुला?”

“दिवाळीपासून.”

“तार जुनी न्हवती तर.”

“नाही.”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हणाले, “कुनाला बोलू नगो. हात गेला म्हटल्यावर मोटार कोन आननार माज्याकडं?”

मी मान हलवली. ती होकाराची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खांबावरच्या वायरी सरळ करून घेतल्या आणि सॉकेटमधला तो तुकडा स्वतः काढला. खड्डा खणवून त्यात लोखंडी पाईप उभा केला, भोवती मीठ-कोळसा भरला आणि दुकानात पहिल्यांदा खरं अर्थिंग आणलं. तिथं उभं राहून मी पहिला सूर वाजवला. मामांनी हात लावून पाहिला नाही. वाकून त्यांनी आपला कान सागवानाला टेकवला आणि तार विरेपर्यंत तसेच राहिले. “वाजतंय की गं,” ते म्हणाले. इतक्या वेढ्यांचा त्यांना मिळालेला मोबदला तो एवढाच.

मी शब्द मोडला, पण एकाच माणसाजवळ. मामा बाहेर गेलेले बघून मी राजव्वाजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, “मामांच्या बोटांना समजत नाही.”

“पायालाबी न्हाय,” ती म्हणाली. विडीला दोरा गुंडाळला, तोडला. “रोज दिवेलागणीला मी पाय बघते त्येंचं. काच हाय का, खिळा हाय का. दवाखान्यात सांगितलं की, नस मेली म्हणून. मी काय करू? त्येंनी म्हणतेत, लोक माज्या हाताच्या पाया पडायलेत अन् तू रडलालीस.”

लोक खरंच यायला लागले होते. गिटारच्या तारांवर बोट ठेवलेला, श्रीनिवासने टाकलेला तो पहिला व्हिडिओ हजारोंनी पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं, ‘लाकडी फळीवर उभा आहे, त्यात काय?’ श्रीनिवासला ते स्वतःचा अपमान झाल्यासारखं लागलं. त्याने ते मामांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मामा फळीवरून खाली उतरले. मग कुणी लिहिलं, ‘रबरी चप्पल आहे.’ मामांनी चप्पल काढली. मग, ‘उलटं बोट टेकवतो, धरून दाखवावं.’ नव्या मोटारी येणं कमी झालं होतं. एक मोटार तर महिनाभर पोट उघडून तशीच पडली होती. पण दुकानात माणसं जास्त होती. कुणी नातेपुत्याहून, कुणी अकलूजहून. चहा यायचा, फोटो व्हायचे. इतक्या बारीक तारा त्या हाताने गुंडाळल्या तेव्हा कुणी फोटो काढला नव्हता.

“मामा, पोटानं विचारायचं नाही असं तुम्हीच म्हणायचा,” मी एकदा म्हटलं.

“ते ज्याला लागतंय त्याला.”

“लागतं मामा. फक्त समजत नाही.”

त्यांनी तोंड फिरवलं. ओठ वाचणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं की बोलणं संपतं.

मग तो गुरुवार. रविवारी संध्याकाळी एका मंडळाच्या कार्यक्रमात मामा स्टेजवर वायर धरून दाखवणार असं ठरलं होतं. त्याची तालीम म्हणून दुपारी दुकानात व्हिडिओ काढायचा होता. श्रीनिवासने बादलीभर पाणी फरशीवर ओतलं. सॉकेटमधून एक वायर काढून तिचं टोक सोललं. दहा-बारा फोन वर झाले. त्याने सगळ्यांसमोर टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला.

मामांनी पँट दुमडली. ओल्या फरशीवर उघडे पाय ठेवले. मग गर्दीवरून माझ्याकडे बघून त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. माग चालू होते, दुसऱ्या कुणाला ते समजलं नसतं.

बिड्डा, बोर्डापाशी उभी राहा. माझं तोंड बघ. वाकडं झालं की बटण बंद कर.

मी बोर्डापाशी गेले आणि बटणावर बोट ठेवलं. तोंड वाकडं होईपर्यंत मूठ मिटलेली असणार, आणि मिटलेल्या मुठीतून वायर सुटत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते वाकले. त्यांचा तळहात वायरीकडे जात होता, बोटांची पोटं पुढे. मी बटण बंद केलं. मागांच्या खडखडाटात तो टक आवाज बुडाला. बोर्डावरचा लाल दिवा विझला, तो मी खांद्याने झाकला.

मामांनी वायर मुठीत धरली. मेलेली वायर. त्यांनी ती घट्ट धरली, वर उचलली, आणि हसले. “बघा! हाय का काय?” लोकांनी शिट्ट्या मारल्या. ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले. त्यांच्या तोंडावर मला जरासुद्धा शंका दिसली नाही.

त्यांनी वायर खाली सोडली तेव्हा श्रीनिवास परत टेस्टर घेऊन वाकला. आता दिवा लागला नसता. सगळ्यांसमोर मामा खोटे पडले असते. मी बटण चालू केलं. दिवा लागला आणि बोळ ओरडून उठला.

लोक जरा पांगल्यावर मी मामांच्या समोर जाऊन उभी राहिले. “मामा, मी बटण बंद केलं होतं.”

“कवा?”

“तुम्ही धरायच्या आधी. वायरीत काही नव्हतं.”

ते हसले. माझ्याकडे बघून असे ते पूर्वी कधी हसले नव्हते. “खोटं बोलतीस. आला की करंट. मुंग्या आल्या बोटांत. अंगठ्यापासनं हितपातूर. किती महिन्यांनी आल्या असतील!” त्यांनी हात माझ्यासमोर धरला. “बघ, अजून येलाल्यात. हात परत आला माजा.”

“मामा, शपथ. वायर मेलेली होती.”

“मेलेल्या वायरीला मुंग्या येतेत व्हय?”

मी श्रीनिवासला सांगितलं. त्या बोळात मी पहिल्यांदाच ओरडून बोलले. तो समजूत घातल्यासारखा म्हणाला, “ताई, मागनं टेस्टर लावला की मी. तुमच्यासमोरच लागला दिवा.” राजव्वाने मात्र माझं ऐकलं. ती उठली, मामांच्या पुढ्यात उभी राहून तेलुगूत भांडली, त्यांचा हात धरून आत ओढू लागली. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला आणि तिच्या गालाला लावला. तिच्या गालाचं त्यांना काही समजलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. शुक्रवारी आणि शनिवारी मी गेले, तर दुकानाला कुलूप होतं. ते दोघं वळसंगला पाहुण्यांकडे गेले होते, देवाला नारळ फोडायला. श्रीनिवासला मी तीन मेसेज केले. तिन्हींना त्याने हसणारा चेहरा पाठवला. रविवारी स्टेजवर त्यांनी वायर धरली तेव्हा बटणापाशी मी नव्हते.

त्यामुळे मी मामांना शेवटचं पाहिलं ते त्या गुरुवारीच. स्टेज बघायला श्रीनिवास त्यांना गाडीवरून घेऊन निघाला. मामा मागे बसले होते, डाव्या हाताने त्याचा खांदा धरून. उजवा हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला होता. मूठ मिटायचे, उघडायचे, परत मिटायचे, बोटांना काहीतरी विचारल्यासारखे. बोळातून कुणीतरी हाक मारली, पण त्यांनी वर बघितलं नाही. गाडी चौकात वळेपर्यंत ते आपल्या हाताकडेच बघून हसत होते.